पाहुणा कुणाचा

रघुनाथने पाहुण्याची दाढी भादरायला घेतली तेव्हा समाजमंदिराच्या अंगणात निम्मं वाखरवडी गाव जमलं होतं. पेठेतली माणसं दुकानं उघडी टाकून आली होती. कुणी गरम पाण्याचा हंडा आणला होता, कुणी साबण, कुणी खरारा करायचा घोड्याचा ब्रश. कडुनिंबाचा पाला तर इतका आला होता की सगळ्या गावाची आंघोळ उरकली असती. पाहुणा पाटावर मुकाट बसून होता. कात्री कानाजवळ आली की डोळे मिटायचा, लांब गेली की उघडायचा.

पोळ्याच्या सुमारास तो आमच्या स्टँडवर उतरला होता. कुठल्या गाडीतून उतरला, कुणालाच माहीत नाही. बोलत नव्हता, मागत नव्हता. दिलं तर खायचा, नाही तर पार्सलच्या खोलीमागे गोणपाटावर पडून राहायचा. हॉटेलवाल्याने त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली आणि गावाने तेच नाव धरलं.

त्याचा उद्धार करायचं ठरवलं त्र्यंबकआप्पांनी. आप्पांचं खताचं दुकान होतं आणि ते सत्कर्म मित्रमंडळाचे अध्यक्ष होते. चष्म्याचं शिबिर, जनावरांचा हौद, स्मशानातली झाडझूड, आमच्या गावात जे काही चांगलं व्हायचं ते आप्पांनी मनावर घेतल्यामुळे व्हायचं. माणूस मनाने सोन्यासारखा, पण अर्धवट काम त्यांना खपत नसे. हौद धुवायचा म्हटलं की ते हौदाखालची जमीनही धुवून काढत. मी जिल्ह्याच्या पेपरचा एजंट आणि वार्ताहर, दोन्ही होतो. सकाळी बातम्या वाटायच्या आणि दुपारी गोळा करायच्या. मंडळाने काही केलं की आप्पांचा निरोप यायचा, "लोहकरे, वही घेऊन या."

त्या दिवशीही आप्पांनी कसर ठेवली नाही. पाहुण्याच्या अंगावरच्या चिंध्या, डोक्याखालचं गाठोडं, गोणपाट, सगळं चिमट्याने उचलून समाजमंदिराच्या मागे ढीग केला. केवटे मास्तर भीत भीत म्हणाले की गाठोड्यात काय आहे ते एकदा बघावं का. आप्पा म्हणाले, "मास्तर, घाणीत हात घालू नका. उद्या तुम्हालाच घेऊन दवाखान्यात पळावं लागंल." रघुनाथने पाहुण्याच्या कमरेचा करदोटासुद्धा कात्रीने कापला आणि ढिगावर फेकला. मग रॉकेल ओतून काडी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याने तेवढी एकदाच मान वळवून धुराकडे पाहिलं.

त्यानंतर त्याला पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी घातली, आणि मी फोटो काढला. "ओळख पटवण्याचे आवाहन" या मथळ्याखाली तो छापून आला. पेपर हातात घेतल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपण फार चकचकीत काम केलं आहे. डोकं तासलेलं, दाढी नाही, मिशी नाही, अंगावर कोरे कपडे. लग्नात पंगतीला बसलेला कुणीही माणूस तसाच दिसतो. घरातून निघताना तो ज्या रूपात होता, त्यातलं आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

तरी आप्पांच्या दुकानावर फोन आले. बरेचसे नुसत्या चौकशांचे होते. एक मात्र खरा वाटावा असा होता. शिरसवाडीहून कौसल्या शेळवणे नावाच्या बाईच्या वतीने तिथल्या किराणा दुकानदाराने फोन केला होता. तिचा नवरा सहा-सात वर्षांपूर्वी घरातून गेला तो आलाच नव्हता. सासूसासरे वारलेले, दीर सुरतेला. फोटो बघून सगळं गाव म्हणत होतं, हाच तो. बाजाराच्या दिवशी बाई येणार होती.

आप्पांना तेवढं पुरे झालं. त्यांनी पेंटरकडून कापडी फलक रंगवून घेतला. सौ. कौसल्या शेळवणे यांना त्यांचे पती सुखरूप सुपूर्द, सौजन्य सत्कर्म मित्रमंडळ. नवी साडी, खण, नारळ, दोन हार. पोलीस चौकीवरच्या जमादार साहेबांना जबाब घ्यायला बोलावलं. मी मथळासुद्धा मनात जुळवून ठेवला होता.

बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीने आली ती भलतीच बाई. हिंगणवाडीची सगुणाबाई मोटे. वाळकी, काळीसावळी म्हातारी, हातात फडक्याचं बोचकं. तिने फोन वगैरे काही केला नव्हता. तिच्या गावच्या दुकानदाराने गूळ बांधून दिला होता तो आमच्या पेपरात, आणि गूळ सोडताना तिला फोटो दिसला होता. तिचा एकुलता मुलगा ज्ञानू ऊसतोडीला म्हणून गेला होता, त्याला कैक वर्षं झाली होती. आप्पा जरा गडबडले. पण माणूस भला, नाही कसं म्हणणार. त्यांनी तिला आत पाठवलं.

म्हातारी पाहुण्यासमोर जाऊन बसली. बोचक्याची गाठ सोडली, आत शेंगदाण्याचे लाडू होते. पाहुणा भिंतीला टेकून, खांद्यावर चादर घेऊन तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला, मान इकडून तिकडून करून बघितली.  मग उठून बाहेर ओट्यावर आली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

मी विचारलं, "काय आजी, ओळख पटली का?"

"डोळ्याला कमी दिसतंय बाबा," ती म्हणाली, आणि बोचक्याची गाठ पुन्हा बांधायला लागली. लाडू तसेच होते. मला वाटलं, प्रवासाने थकली असेल, जरा बसू द्यावं.

कौसल्या दुपारच्या गाडीने आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. आप्पा हार घेऊन पुढे झाले तशी ती थबकली आणि हार हातानेच बाजूला केला. आप्पा म्हणाले, "बरं बरं, आधी भेट होऊ द्या." समाजमंदिर माणसांनी भरून गेलं होतं. बाजाराला आलेली माणसंही पिशव्या घेऊन आत घुसली होती.

ती दारात आली. पाहुण्याने वर पाहिलं, आणि चादर ओढून डोक्यावरून घेतली. गुडघ्यात मान घालून तो चादरीच्या आत बसून राहिला.

"नवीन माणूस बघितलं की बुजतंय ते," आप्पा म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण सकाळपासून निम्मं गाव त्याला नवंच होतं आणि तो कुणाला बुजला नव्हता. पण तेव्हा तेवढाच विचार आला आणि गर्दीत निघून गेला.

कौसल्या दारातच उभी होती. तिने हळूच विचारलं, "यांच्या कमरेला काही होतं का? करदोट्यात ओवलेलं?"

सगळ्यांनी रघुनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, "करदोटा व्हता. त्यात काय तरी व्हतं बी, पितळेचं का तांब्याचं. मळानं काय कळंना."

"कुठंय ते?"

 केवटे मास्तर जमिनीकडे बघायला लागले. शेवटी आप्पांनाच सांगावं लागलं की सगळं जाळलं. राखसुद्धा झाडून उकिरड्यावर टाकली आणि उकिरडा ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरने कुठल्या तरी शेतात गेला. आप्पांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

बाईने मोठा श्वास सोडला आणि ती भिंतीला धरून खाली बसली. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेली, एकच खूण होती आणि ती आम्ही हौसेने जाळून बसलो होतो. बसताना तिचा पदर घसरला आणि उजवा हात उघडा पडला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून आक्रसलेली होती, जुनी जखम. स्टोव्हचा भडका उडाला असेल, असं माझ्या मनात आलं. शेजारी दारात सगुणाबाई उभी होती. तीही त्या हाताकडे बघत होती.

जमादारांनी जबाब सुरू केला. नवऱ्याचं नाव काय? बाई गप्प. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून मुलीनेच सांगितलं, "भारत पांडुरंग शेळवणे." जमादारांनी मोठ्याने हाक मारली. चादर हलली नाही. मग सगुणाबाईच्या मुलाच्या नावाने हाक मारून बघितली, तरी हलली नाही. आप्पांनी पुढे होऊन चादर खाली ओढली.

कौसल्याने त्याच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

"कळत नाही," ती म्हणाली.

मग काय विचारता. जो तो समजूत घालायला लागला. माणूस बदलतं हो एवढ्या वर्षांत. डोळे बघा, डोळे बदलत नाहीत. चालवून दाखवू का? कासारीण काकू म्हणाल्या की बाई, कुंकवाचा धनी दारात आलाय, नशीब काढलंस. मागून कुणी तरी म्हणालं की असू दे, घरी नेऊन दोन घास घाल, आठवेल सगळं. बाजारातून आलेल्या बायका पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. आमच्या गावाला त्या दिवशी एक संसार जोडायचाच होता आणि त्यासाठी आम्ही फलकही रंगवून ठेवला होता.

मुलीने विचारलं, "आई, हे अण्णा आहेत का?"

बाईने तिचा हात इतका घट्ट धरला की पोरीने तो ओढून सोडवून घेतला. तिचा चेहरा मला आजही दिसतो. आनंद नव्हता, दुःख नव्हतं. गर्दीत चेंगरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मी गोंधळलो. नवरा असेल तर हो म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं, यात इतकं अवघड काय आहे हे मला समजेना. केवटे मास्तर एकटेच म्हणाले की तिला जरा मोकळं सोडा, पण मास्तरांचं ऐकतो कोण.

तेवढ्यात सगुणाबाई माणसं सारत आत आली. पाहुण्याच्या पुढ्यात बसली, त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "ह्यो माझा ज्ञानू हाय."

 आप्पा म्हणाले, "आजी, मघाशी तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"मघाशी डोळ्यात पाणी व्हतं."

जमादारांनी विचारलं, खूण काय? म्हातारीचा हात त्याच्या पावलावरून फिरत होता. "अंगठ्याशेजारचं बोट वाकडं हाय बघा. जल्माचंच हाय."

सगळे वाकून बघायला लागले. बोट वाकडं होतं. जमादारांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, कारण आता त्यांना लिहायला काही तरी मिळालं होतं. ते कौसल्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"हे माझे नाहीत," कौसल्या म्हणाली. मघापासूनच्या सगळ्या बोलण्यात तेवढं एकच वाक्य तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

सगुणाबाईने गाठ सोडून लाडू काढला आणि पाहुण्याच्या तोंडापुढे धरला. त्याने तो खाल्ला. बघणाऱ्या बायका रडल्या, आप्पा रडले. मलाही भरून आलं. पण रडताना मी विचार करत होतो की हा तर सगळ्यांच्याच हातचं खातो.

पुढचं सगळं घाईत झालं. पेंटरला बोलावून फलकावर पांढरा हात मारला, पतीचं पुत्र केलं आणि बाईचं नाव बदललं. खालचं निळं नाव पांढऱ्यातून दिसतच राहिलं. कौसल्यासाठी आणलेली साडी सगुणाबाईला दिली. जमादारांनी तिचा अंगठा घेतला.

गाडीची वेळ झाली तशी कौसल्या मुलीला घेऊन निघाली. कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. सत्काराच्या घोळक्यातून उठून सगुणाबाई पायरीपर्यंत आली, मुलीच्या हातावर एक लाडू ठेवला आणि कौसल्याला म्हणाली, "हिंगणवाडीला येत जा." कौसल्याने वाकून तिच्या पायाला हात लावला. मी फोटोसाठी बाहेर आलो होतो म्हणून मला दिसलं. हरलेली बाई जिंकलेल्या बाईच्या पाया पडते हे मला काही उमगलं नाही, आणि अनोळखी बाईला ही म्हातारी येत जा कशाला म्हणते, तेही नाही.

बातमी छापून आली. "माय-लेकाची भेट, वाखरवडी गहिवरली." आप्पांनी तिचं कात्रण काढून दुकानात काचेखाली लावलं. मला मात्र ती बातमी वाचताना दर वेळी अडखळायला व्हायचं. आपण लिहिलेलं खोटं आहे असं काही सांगता येत नव्हतं, पण खरं वाटत नव्हतं. एकदा मी केवटे मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "लोहकरे, सुखाने नेलं ना तिनं? मग झालं." मी विसरलो मात्र नाही.

बरीच वर्षं गेली. आप्पा थकले, आणि त्यांच्या मनात मंडळाची स्मरणिका काढायचं आलं. पाहुण्याचं पान त्यात पाहिजेच, आणि आताचा फोटो पाहिजे, असा त्यांचा हट्ट. वार्ताहराला सवड कधी, तर दिवाळीत पेपरला सुट्टी असते तेव्हा. भाऊबीजेच्या दिवशी कॅमेरा घेऊन मी हिंगणवाडीला गेलो.

सगुणाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, बाजूला म्हशीचा गोठा. पाहुणा म्हशीला वैरण टाकत होता. अंग भरलेलं, केस पिकलेले, अंगावर स्वच्छ बंडी. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वैरण टाकायला लागला. म्हातारी ओट्यावर बसली होती, पार वाकलेली.

"पेपरवालं का तुमी?" तिने विचारलं. डोळे चांगले शाबूत होते तिचे.

ओट्याच्या कोपऱ्यात एक बाई तबक लावत होती. सुपारी, अक्षता, तुपाचं निरांजन. वात वळताना तिचा उजवा हात पुढे आला आणि मी तो हात ओळखला. चेहरा मी विसरलो होतो, हात नाही. ती कौसल्या होती.

 मी म्हातारीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. आतून एक तरुण मुलगी बाहेर आली आणि गोठ्याकडे बघून ओरडली, "मामा, चला की. पाट मांडलाय."

"माझी मानलेली लेक हाय कौसी," म्हातारी म्हणाली. "दर भाऊबीजेला येती." आणि कौसल्या तूप आणायला आत गेली तेव्हा म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "बसा. उभं का?"

मी बसलो. आणि इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. म्हटलं, "आजी, तो ज्ञानू आहे का?"

तिने गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या ज्ञानूच्या कानाची पाळी तुटल्याली व्हती. ल्हानपणी कुत्रं चावलं व्हतं. ह्याचं दोनी कान धडधाकट. बघितल्या बघितल्या कळलं मला. बोचकं बांधून गाडीला निघालेच व्हते मी."

"मग?"

"मग ती दारात आली अन् ह्यानं तोंड झाकून घेतलं. परक्या बाईला कुणी असं भीत न्हाई. मग तिचा हात दिसला. तुमी समदी तर ह्याला तिच्या गळ्यात बांधायाच निघालेली." तिने आत नजर टाकली. "तिला नको व्हता. मला पायजे व्हता. तुमचं काय गेलं?"

माझं काहीच गेलं नव्हतं. पण डोक्यात सगळं उलटंपालटं झालं. तो सोडलेला श्वास, ज्याला मी निराशा समजलो होतो. वाकडं बोट, जे म्हातारीने त्याच वेळी हाताने चाचपून शोधलं होतं. पाया पडणं. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

कौसल्या तूप घेऊन आली. माझा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं असावं. ती खाली बसून निरांजनात तूप घालायला लागली आणि खालच्या आवाजात, मान वर न करता बोलली. करदोट्यात पितळेचा ताईत होता, तिनेच जत्रेत घेऊन ओवला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तो समोर ठेवला असता तर नाही म्हणायला जागाच नव्हती. हात चुलीतल्या जळत्या लाकडाने भाजला होता, तिची मूठ घट्ट धरून ठेवून. तिने कुणाचं नाव घेतलं नाही.

"लोक म्हणायचे, दारू उतरली की देवमाणूस आहे," ती म्हणाली. "मला तो देवमाणूस कधी भेटला नाही. मी घरी आले की तो झोपलेला असायचा नाही तर प्यालेला असायचा."

"आणि तरी तुम्ही इथे येता."

"पहिल्या वर्षी आजीचे पाय धरायला आले. पुढच्या वर्षी लाडू घेऊन आले. ह्यांनी मान खाली घालून दोन लाडू खाल्ले."  "गावातल्या बाया म्हणाल्या, आजीची लेक तर ह्याची बहीण. ओवाळ की. आजीनं पाट मांडला. मग काय करणार होते?"

"मुलीला माहीत आहे?"

"नाही. तिला बाप नाही, मामा आहे. चांगला आहे मामा. जत्रेत तिला हाताला धरून फिरवलंय त्यानं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी माफ केलं असं लिहू नका. मी काय केलं ते मला पण सांगता यायचं नाही."

मी म्हटलं की मी काहीच लिहिणार नाही. मला लिहिण्यासारखं काही कळलंही नव्हतं. हा नवरा आहे की भाऊ, कुणी कुणाला फसवलं, कोण कुणाच्या उपयोगी पडलं, एकही गोष्ट धड एका ओळीत बसत नव्हती.

पाहुणा हात धुऊन आला. टोपी घालून पाटावर बसला, खांद्यावर उपरणं. म्हातारीने त्याच्या मुठीत खणाचं कापड दिलं, ओवाळणी म्हणून. कौसल्याने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि तबक उचललं. निरांजन त्याच्या चेहऱ्याजवळ गेलं तसा त्याचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला.  वाटलं, आता तोंडावरून ओढून घेणार, समाजमंदिरात घेतलं तसं.

त्याने ओढलं नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता. तबक फिरवताना तिचा पदर मागे सरकला होता आणि निरांजनाच्या उजेडात ती सगळी आक्रसलेली कातडी उघडी पडली होती. ओवाळून झाल्यावर त्याने खण तबकात ठेवला. मग हात पुढे केला, तिचा घसरलेला पदर दोन बोटांनी धरला आणि भाजलेल्या हातावर मनगटापर्यंत सावकाश ओढून ठेवला. कौसल्या हलली नाही. तबक मात्र कललं आणि सुपारी घरंगळत खाली पडली.

"मामा, ओवाळणीत नुसता खण?" मुलगी हसत म्हणाली.

"गप गं," सगुणाबाई म्हणाली, आणि तिने पाहुण्याच्या हातात लाडू दिला.

मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. आप्पांना सांगितलं की उजेड नव्हता, फोटो आला नाही. आप्पा हळहळले. स्मरणिकेत शेवटी जुनाच फोटो छापला, तासलेल्या डोक्याचा, पांढऱ्या टोपीचा. अजून कुणी तो बघून विचारतं, हा कोण, कुणाचा. मी म्हणतो, बघा ना तुम्हीच. त्या फोटोत तो कुणाचाही दिसतो.